किल्ली ‘ऑन’वर आणा आणि तीन सेकंद थांबा : मीटरवरचे दिवे, सेल्फ आणि बाकीची बटणं

दहाचा_पाना (ठाणे, कोलशेत)

पावसाळा सुरू झाला की घोडबंदर रोडला आणि सायन-पनवेल हायवेला बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या वाढतात. त्यातल्या कितीतरी गाड्यांच्या मीटरवर आदल्या आठवड्यातच दिवा लागलेला असतो. चालवणारा तो बघत नाही, कारण किल्ली घातली की एका झटक्यात सेल्फ मारायचा अशीच सवय लागलेली असते. ती सवय मोडावी म्हणून हा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

किल्लीच्या चार जागा : लॉक, एसीसी, ऑन आणि स्टार्ट. एसीसीवर रेडिओ आणि चार्जर चालतात. ऑनवर आणलं की मीटरवर एकदम दहा-पंधरा दिवे लागतात. नवीन माणूस इथे घाबरतो, पण ते लागलेच पाहिजेत. गाडी स्वतःचे दिवे तपासून घेत असते. याच वेळी मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक ‘घूंऽऽ’ आवाज येतो, तो टाकीतला पेट्रोल पंप लाइनमध्ये प्रेशर भरतो त्याचा. तो आवाज थांबेपर्यंत थांबा.

आता कोणता दिवा कधी विझतो ते बघा. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग, स्टिअरिंग हे इंजिन बंद असतानाही साधारण तीन ते सहा सेकंदांत विझतात (बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचा इंजिन सुरू झाल्यावर जातो). ऑइलचा लाल दिवा, बॅटरीचा लाल दिवा आणि पिवळं चेक इंजिन मात्र इंजिन सुरू होईपर्यंत तसेच राहतात. तेव्हा ऑइलचं प्रेशर नसतं आणि अल्टरनेटर फिरत नसतो, म्हणून त्यांनी जळतच राहायला हवं. हँडब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडल्यावर जातो, बेल्टचा बेल्ट लावल्यावर. सेल्फ मारल्यावर एक-दोन सेकंदांत मीटर स्वच्छ झालं पाहिजे. जो दिवा उरला, तो तुमच्याशी बोलतोय असं समजा.

ऑनवर आणल्यावर जो दिवा लागलाच नाही, तोही तितकाच महत्त्वाचा. ऑइलचा दिवा लागत नसेल तर प्रेशर गेल्यावरसुद्धा तो लागणार नाही.

सुरू करायचा क्रम मी असा सांगेन. आधी सीट : क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग आरसे, बेल्ट. हँडब्रेक ओढलेला आहे ना, ते हाताने बघा. गिअर न्यूट्रलला आहे की नाही ते दांडी डावी-उजवीकडे हलवून बघा, नुसतं डोळ्यांनी नाही. क्लच पूर्ण दाबा. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि जुन्या गाडीतही त्यामुळे सेल्फवरचा भार कमी होतो. किल्ली ऑन, तीन सेकंद, मग सेल्फ. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. सुरू नाही झाली तर किमान पंधरा सेकंद, शक्यतो अर्धा मिनिट थांबून पुन्हा. सेल्फची मोटर सलग चालवली तर तापते आणि बॅटरी झपाट्याने उतरते. रेस द्यायची नाही. कार्ब्युरेटरच्या काळात द्यावी लागायची, आता किती इंधन द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो.

बटणवाल्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदा दाबलं की एसीसी, दुसऱ्यांदा ऑन. पाय दाबून बटण दाबलं की थेट सुरू. म्हणून बटणवाल्यांचे दिवे बघायचे जास्तच राहून जातात. निदान आठवड्यातून एकदा पाय न दाबता दोनदा बटण दाबून दिवे बघा.

आणखी एक, कारण हा प्रश्न सारखा येतो : किल्ली फिरतच नाही. बहुतेक वेळा स्टिअरिंग लॉक झालेलं असतं. स्टिल्ट पार्किंगमध्ये खांबाला लागून गाडी लावताना चाकं वळलेली राहतात आणि लॉकवर ताण येतो. किल्लीवर जोर देऊ नका, तुटेल. डाव्या हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत उजव्या हाताने किल्ली हलकेच फिरवा.

---

कळवा_नवी_चालक

खूप उपयोगी. एक थेट प्रश्न : लाल दिवा म्हणजे थांबायचं, पिवळा म्हणजे नंतर बघू, एवढं पुरेसं आहे का? आणि ‘थांबायचं’ म्हणजे गाडी तिथेच बंद करायची, की घरापर्यंत नेली तरी चालेल?

---

दहाचा_पाना

ताई, रंगाचा नियम बरोबर आहे. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे लवकरच, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती (निळा दिवा अप्परचा. काही गाड्यांत निळा थर्मामीटर असतो, तो इंजिन अजून थंड असल्याचं सांगतो). पण लाल दिव्यांचं ‘आत्ता’ प्रत्येक दिव्याला वेगळं आहे, म्हणून एकेक सांगतो.

ऑइलची चिमणी. चोचीतून थेंब पडणारा लाल दिवा. हा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर सांगतो. हा चालत्या गाडीत लागला तर इंडिकेटर देऊन डाव्या कडेला या आणि इंजिन बंद करा. ‘पुढच्या सिग्नलपर्यंत’ सुद्धा नाही. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा पातळ थर असतो, प्रेशर गेलं की धातूवर धातू घासतो आणि मिनिटाभरात इंजिनचं काम निघू शकतं.

बंद केल्यावर सपाट जागी दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली तळात उतरतं. डिपस्टिक ओढा, फडक्याने पूर्ण पुसा, परत तळापर्यंत घाला, पुन्हा ओढा आणि आडवी धरून बघा. पहिल्यांदा ओढल्यावर दिसणारी खूण खोटी असते, कारण नळीत लागलेलं ऑइल काडीवर पसरलेलं असतं. दोन खुणांमध्ये असेल तर ठीक. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर त्याच ग्रेडचं अर्धा लिटर घाला, परत मोजा. वरच्या खुणेच्या वर नेऊ नका, जास्त ऑइलचा फेस होतो आणि फेसाला प्रेशर येत नाही. ऑइल पुरेसं असूनही दिवा जळत असेल तर टोइंग.

दिवा फक्त वळणावर किंवा गायमुखच्या घाटात चढताना लुकलुकतो, सपाटीवर जातो, असं असेल तर ऑइल कमी आहे. गाडी कलली की ऑइल एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. गरम झाल्यावर आयडलला (उभ्या गाडीत, रेस न देता) लुकलुकतो आणि रेस दिल्यावर जातो, असं असेल तर ऑइल पातळ झालंय, पंप किंवा बेअरिंग झिजलंय, किंवा सेन्सरचा स्विच गेलाय. स्विच स्वस्त असतो, पण तोच गेलाय असं गृहीत धरून गाडी चालवू नका. गॅरेजमध्ये तिथे गेज लावून खरं प्रेशर मोजून घ्या.

थर्मामीटर, लाल. गरम झाल्याचा. इथे गाडी कधी तापते ते लक्षात ठेवा, निम्मं निदान त्यातच होतं. माजिवडा किंवा कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्याला काटा खाली येतो, तर रेडिएटरचा फॅन, त्याचा रिले किंवा फ्यूज बघा. धावताना हवा आपोआप मिळते म्हणून तेव्हा दोष दिसत नाही. उलट वेगात असतानाच तापते, तर कूलंट कमी, थर्मोस्टॅट अडकलेला, रेडिएटर चोंदलेला किंवा वॉटर पंप गेलेला.

काटा नुकताच चढायला लागला असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण, काचा खाली. हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची उष्णता गाडीत ओढतो. त्रास होतो पण इंजिन वाचतं. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर मात्र हे प्रयोग नाहीत : बाजूला घ्या, इंजिन बंद, आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळलेलं नसतं. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि सगळं एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. थंड झाल्यावर जाड फडकं ठेवून झाकण थोडं थोडं फिरवा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. अडीनडीला पिण्याचं पाणी चालेल, पण नंतर ते काढून टाकून नीट भरून घ्या.

ब्रेक, गोलात उद्गारचिन्ह. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा. असेल, तर बॉनेटमधली ब्रेक ऑइलची पांढरट डबी बघा. पातळी कमी असण्याची दोन कारणं : गळती किंवा झिजलेले पॅड. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि डबीतलं ऑइल त्याच्या मागे जातं. म्हणून नुसतं ऑइल वर घालून दिवा घालवू नका, पॅड बघा. पेडल मऊ लागत असेल, खाली खाली जात असेल तर गाडी हलवायची नाही. पेडल घट्ट असेल तर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत.

लाल ब्रेक आणि पिवळा एबीएस दोन्ही एकदम लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेक वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असते. जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी आडवी होऊ शकते. नुसता एबीएस लागला असेल तर साधे ब्रेक नेहमीसारखे लागतात, फक्त चाक जाम होण्यापासूनचं संरक्षण नाही. अंतर ठेवून चालवा.

बॅटरीचा दिवा वायरमनसाहेबांसाठी सोडतो.

---

ऐरोली_वायरमन

सोडलात ते बरं केलंत, कारण त्या दिव्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज आहे. बॅटरीचं चित्र असलं तरी बहुधा बॅटरी खराब नसते, चार्जिंग बंद असतं. अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा वायर. मल्टिमीटर असेल तर दोन मिनिटांत कळतं. इंजिन बंद, गाडी काही तास उभी : १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन सुरू : साधारण १३.८ ते १४.४. सुरू असतानाही १२ च्या घरात असेल तर अल्टरनेटर देत नाहीये. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली पडत असेल तर बॅटरीचं आयुष्य संपत आलंय.

चालत्या गाडीत हा दिवा लागला तर एसी, रेडिओ, चार्जर बंद करा आणि गाडी बंद न करता गॅरेजकडे वळा. बंद केलीत तर परत सुरू होईलच असं नाही. अपवाद : याच वेळी स्टिअरिंग जड झालं किंवा काटा चढायला लागला, तर बेल्ट तुटलाय. बऱ्याच इंजिनांत तोच बेल्ट वॉटर पंप फिरवतो. तेव्हा लगेच थांबायचं.

सेल्फचा आवाज ऐकून काय ओळखायचं : ‘टक’ एकदाच, मग शांतता, मीटरचे दिवे तेजस्वी, तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच). ‘टकटकटकटक’ आणि दिवे मंद, तर बॅटरी किंवा सैल टर्मिनल. काहीच नाही, दिवेही नाहीत, तर बॅटरी पूर्ण उतरलेली किंवा टर्मिनल सुटलेलं. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर इंधन, स्पार्क किंवा इमोबिलायझर (चोरी टाळायला किल्ली ओळखणारी यंत्रणा). किल्लीचं चित्र असलेला गाडीचा दिवा ऑनवर लुकलुकत राहिला, तर गाडीने किल्ली ओळखली नाही. दुसरी किल्ली वापरून बघा. बटणवाल्या गाडीत रिमोटचा सेल गेला असेल (बहुतेकांत सीआर२०३२) तर रिमोट बटणाला टेकवून, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी ठेवून, ब्रेक दाबून सुरू करा.

टर्मिनलबद्दल : खाडीकाठची खारी हवा ऐरोली, वाशी, कोपरी सगळीकडे आहे. बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवी पूड साचते, बोटाने दाबली तर खडूसारखी चुरते. ती पूड करंट अडवते आणि माणूस चांगली बॅटरी बदलून टाकतो. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, फेस येणं थांबलं की साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली. दहा नंबरचा पाना लागतो. काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. उलट केलंत आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी. नंतर काचेचं ऑटो बटण चालत नाही म्हणून घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की परत शिकते. काही गाड्यांत स्टिअरिंगचा दिवाही लागतो. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून बघा.

जंप स्टार्ट : लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्याच्या प्लसला. काळी चांगल्याच्या मायनसला, आणि दुसरं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन येत असतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच. चांगली गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना नेमका उलटा क्रम.

आणि उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एबीएस, चेक इंजिन असे एकमेकांशी संबंध नसलेले दोन-तीन दिवे अचानक एकाच सकाळी लागले तर स्कॅनर लावायच्या आधी टॉर्च घेऊन वायरी बघा. चाकाजवळची सेन्सरची बारीक वायर त्यांना सहज मिळते.

---

सीवूड्स_डिझेल

डिझेलवाल्यांसाठी भर. ऑनवर आणल्यावर पिवळा स्प्रिंगसारखा दिवा लागतो, तो ग्लो प्लगचा. तो विझल्यावरच सेल्फ. आपल्याकडच्या हवेत एक-दोन सेकंदांत जातो. चालू गाडीत हाच दिवा लुकलुकला तर काही कंपन्यांच्या गाड्यांत तो इंजिनच्या बिघाडाचा इशारा असतो, मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

बीएस ६ डिझेल (१ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या) घेऊन रोज फक्त नेरुळ ते बेलापूर करणाऱ्यांचा हमखास दिवा म्हणजे डीपीएफ. सायलेन्सरच्या लाइनमधल्या जाळीत काजळी साठते. ती जाळायला सुमारे सहाशे अंश तापमान लागतं आणि ते पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत येत नाही. दिवा पिवळा असतानाच गाडी पंधरा-वीस मिनिटं न थांबता ६० च्या वर, २००० आरपीएमच्या आसपास ठेवून चालवा. सकाळी लवकर सायन-पनवेल हायवेला किंवा अटल सेतूला हे जमतं. सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, कारला १०० ची मर्यादा आहे, एक फेरी बहुधा पुरते. जाळणं चालू असताना आयडल थोडं वाढतं, फॅनचा आवाज येतो, जळकट वास येतो. तेव्हा गाडी बंद करू नका. त्या दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर चेक इंजिन लागतं, गाडी ताकद कमी करते, मग वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावूनच जाळी साफ करावी लागते. जाळी बदलायची वेळ आली तर खर्च फार मोठा आहे.

टर्बो असेल तर हायवेवरून आल्यावर लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवा, टर्बोचं ऑइल जळत नाही. शहरातून हळू येताना ते आपोआपच झालेलं असतं.

---

कोपरी_गॅरेज

चेक इंजिनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. स्थिर पिवळा जळत असेल, गाडी नीट चालत असेल, तर दोन-चार दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. गाडी मिसिंग करतेय म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापवतंय. रेस कमी करा, सावकाश बाजूला घ्या. बहुधा कॉइल किंवा प्लग असतो, वेळेत बदलला तर काम स्वस्तात होतं. तसंच चालवत राहिलात तर कन्व्हर्टर जातो.

ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डच्या कडेला असतं, सोळा पिनांचं. स्वस्तातला ब्लूटूथ रीडरही कोड वाचतो. पी०३०० म्हणजे मिसफायर, पी०३०१ पासून पुढचा आकडा सिलिंडरचा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. कोड वाचा, लिहून ठेवा, लगेच पुसू नका. पुसला की त्या क्षणाची नोंदही जाते आणि मेकॅनिकला पहिल्यापासून शोधावं लागतं. आणि कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तोच खराब असतो असं नाही. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलतात आणि दोष निघतो फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपमध्ये.

धागाकर्त्यांना एक विनंती : गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटं ‘गरम’ करत ठेवणाऱ्यांसाठीही लिहा. सकाळी कितीतरी जण तेच करतात.

---

दहाचा_पाना

सहमत. आपल्याकडे गरज नाही. अर्धा मिनिट पुरे. थंड इंजिन ११००-१२०० आरपीएमवर असतं, मग उतरून ७००-८५० वर येतं. पहिले तीन-चार किलोमीटर हलक्या पायाने चालवलं की इंजिन, गिअरबॉक्स, टायर सगळं एकत्र गरम होतं. उभ्या गाडीत थंड इंजिनला जास्त पेट्रोल जातं आणि त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. थंड गाडीला जोरात रेस देणं त्याहून वाईट.

---

वाशी_सीएनजी

गॅसवाल्यांचे दोन मुद्दे, दोन्ही रोजचे.

पहिला : पंपावर गॅस भरला, किल्ली फिरवली, गाडी सुरूच होत नाही, मागे रांग हॉर्न देतेय. कारखान्यातून सीएनजी बसवून आलेल्या बऱ्याच गाड्यांत गॅस भरायच्या झाकणाला स्विच असतो. झाकण उघडं किंवा अर्धवट लागलेलं असेल तर इंजिन सुरू होत नाही, नोझल लागलेलं असताना गाडी हलू नये म्हणून. उतरा, झाकण दाबून लावा.

दुसरा : पेट्रोल कायम रिझर्व्हला ठेवू नका. बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग आपोआप गॅसवर जातात. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, कोरडा पडला की जळतो. पाव टाकी ठेवा, आणि आठवड्यातून पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा, इंजेक्टर मोकळे राहतात. गॅस भरतेवेळी सगळ्यांनी गाडीतून खाली उतरायचं, टाकीत २०० बारचा दाब असतो. सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी, तारीख सिलिंडरवरच्या पट्टीवर असते.

---

खारघर_चढ

ऑटोमॅटिक आणि एएमटीबद्दल (एएमटी म्हणजे साध्या गिअरबॉक्सचे क्लच-गिअर मोटरने चालणारी गाडी). पारसिक हिलचे रस्ते, खारघरच्या वरच्या सेक्टरमधले चढ, पोडियम पार्किंगचे रॅम्प, इथेच चुका होतात.

ऑटोमॅटिक फक्त पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये सुरू होते, ब्रेक दाबून. उतारावर उभी करताना क्रम असा : ब्रेक दाबून थांबा, एन, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवरून हळूच उचला म्हणजे गाडी हँडब्रेकवर बसते, परत ब्रेक दाबा आणि मग पी. थेट पी मध्ये टाकून पाय उचललात तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं. निघताना ‘खाड्’ असा आवाज येतो तो त्याचाच.

एएमटीमध्ये आत साधाच क्लच असतो, तो मोटर दाबते. चढावर सिग्नलला रेस देऊन गाडी धरून ठेवलीत तर हाफ क्लचमध्ये प्लेट जळते. ब्रेकवर थांबा. हिल होल्ड असला तरी तो दोनेक सेकंदच धरतो. रॅम्पवर मागे गाडी असेल तर हँडब्रेक ओढा, रेस द्या, गाडीचं नाक उचललं की हँडब्रेक सोडा. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला तर सपाटीवर एन मध्ये थांबून थंड होऊ द्या.

---

कळवा_नवी_चालक

पावसात काचेवर बाहेरून वाफ धरते. एसी लावला की वाढते, बंद केला की आतून धरते. नक्की काय करायचं?

---

ऐरोली_वायरमन

बोट फिरवून बघा, वाफ कोणत्या बाजूला आहे.

आतून असेल (श्वास, ओले कपडे) : एसी चालू, हवा काचेवर, रिसर्क्युलेशन बंद म्हणजे बाहेरची हवा. एसी हवेतला दमटपणा काढतो, म्हणून तो चालूच ठेवायचा. गरम-थंडचा नॉब थोडा गरमकडे.

बाहेरून असेल, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बहुधा हीच असते : काच एसीने थंडगार झालीय, बाहेरची दमट हवा तिच्यावर थेंब धरतेय, पाण्याच्या थंड तांब्यावर धरते तशी. हवा काचेवरून काढून तोंडाकडे वळवा, तापमान दोन-तीन अंश वाढवा, एकदा वायपर फिरवा.

दांड्यांबद्दल : जपानी, कोरियन आणि भारतीय गाड्यांत बहुतेक इंडिकेटर-लाइट उजव्या हाताला, वायपर डाव्या. युरोपियन गाड्यांत उलट. दुसऱ्याची गाडी घेताना उभ्या गाडीतच एकदा हात बसवा. इंडिकेटर अचानक दुप्पट वेगाने टिकटिकायला लागला तर त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेलाय. हेडलाइटच्या उंचीचा गोल नॉब असतो, त्यावर शून्य म्हणजे झोत सगळ्यात वर. मागे माणसं-सामान भरलं की आकडा वाढवून झोत खाली आणा, समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. आणि पावसात चालत्या गाडीत हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावू नका. तुम्ही लेन बदलताय की थांबलाय, हे मागच्याला कळत नाही. लो बीम लावा, तेवढं पुरतं.

---

कोपरी_गॅरेज

पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय ठाण्यातला धागा पुरा होत नाही. वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी भरतं हे सगळ्यांना माहीत आहे. अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर गाडी घालू नका. कमी असेल तर पहिला गिअर, एकसारखी रेस, मध्ये थांबायचं नाही, समोरची गाडी पूर्ण बाहेर पडल्यावरच आत शिरायचं. बाहेर आल्यावर ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबून सुकवा.

पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. एकदाही नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखं दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. सेल्फ न मारता ढकलून काढलेली गाडी फिल्टर, प्लग, ऑइल बदलून बऱ्याचदा सुटते. साध्या विम्यात हे इंजिनचं नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. पार्किंगमध्ये रात्रभर बुडालेली गाडी असेल तर ऑनसुद्धा करू नका. पाणी उतरल्यावर बॅटरीची काळी वायर काढा आणि टो करून न्या.

---

सीवूड्स_डिझेल

टायरचा दिवा राहिला. घोड्याच्या नालात उद्गारचिन्ह, पिवळा. लागून राहिला तर हवा कमी. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर सेन्सरच बिघडलाय. हवा किती ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि ते थंड टायरचं. काही गाड्यांत वेगळे सेन्सर नसतात, चाकाच्या फिरण्यावरून अंदाज घेतात. तिथे हवा भरल्यावर रीसेट बटण दाबलं नाही तर दिवा जात नाही.

---

कळवा_नवी_चालक

शेवटचे दोन : ८० च्या वर गेलं की गाडी बीप करते, तो बिघाड आहे का? आणि सेकंडहँड गाडी बघायला जाणार आहे, या धाग्यातलं तिथे काय वापरू?

---

दहाचा_पाना

बीप बिघाड नाही. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना वेगाचा इशारा सक्तीचा आहे : ८० च्या वर थांबून थांबून, १२० च्या वर सलग. बेल्टची घंटा आणि मागचे पार्किंग सेन्सरही त्याच नियमातले.

सेकंडहँडसाठी : विकणाऱ्याला सांगा की गाडी थंड पाहिजे, आधी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. मग तुम्ही स्वतः किल्ली फक्त ऑनवर आणा आणि मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ घ्या. एअरबॅगचा दिवा स्वतंत्रपणे लागून साधारण सहा सेकंदांत स्वतंत्रपणे विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा एअरबॅगचं काहीतरी लपवलंय. इंजिन सुरू झाल्यावर तो ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबर अगदी एकाच क्षणी विझला तर कोणीतरी दोन्हींची वायर जोडलीय. अपघातात एअरबॅग फुटून परत न बसवलेल्या गाड्यांत हे करतात. कधी कधी नुसता सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल झालेला असतो, पण तो तुम्ही हलवू नका, स्कॅन करून घ्या. तसंच चेक इंजिन ऑनवर लागतं का ते बघा. तिथून पुढे सेल्फ, मग काळा-निळा धूर, मग आयडल.

व्हिडिओ इथे टाकलात तर सगळे मिळून बघू.